चष्म्याची चिठी

गुढीपाडव्याच्या दिवशीं नवें पंचांग खुंटीस लावावयाचें आणि जुनें उतरवावयाचें, हा आमच्या घरचा परिपाठ आहे. चार वर्षांपूर्वीं असेंच जुनें पंचांग उतरवीत असतां त्यांतून चौघडी घातलेला एक कागद खालीं पडला. तो त्या वर्षाचा नव्हता. "महत्त्वाचा कागद आहे, हरवूं नये" म्हणून आमच्या घरांत जें जें जपून ठेवावयाचें तें पंचांगांत ठेवलें जातें, आणि पाडव्यास न वाचतांच जुन्या पंचांगांतून नव्यांत सरकविलें जातें. हा कागद असा दोन संवत्सरें प्रवास करून आला होता.

माझ्या धाकट्या बंधूच्या नातवाचें नांव त्यावर होतें. तो पहिलींत असतां शाळेंत मुलांचे डोळे तपासण्यास लोक आले होते, त्यांनीं दिलेली ही चिठी. आतां त्याची तिसरी संपत आली होती. घरांत त्या वेळीं आम्ही अकरा माणसें. त्यांत दोघे पदवीधर, आणि मी स्वतः जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेला. चिठी बहुतेकांच्या हातांतून गेली होती, वाचली मात्र कोणींच नव्हती. मुलाच्या आईनें एकदां विषय काढला होता. "काका, हा कागद कोणाला दाखवावा का?" असें तिनें विचारलें, तेव्हां "अग, त्याला फणसाच्या शेंड्यावरचें माकड दिसतें, त्याला चष्मा कशाला?" हें उत्तर देणारा मीच.

कागदावर दोनच ओळी होत्या. उजव्या डोळ्यापुढें 'प्लॅनो' आणि ६/६. डाव्या डोळ्यापुढें अधिक ४.५० आणि ६/३६. खालीं, नेत्रतज्ज्ञांस दाखवावें, अशी सूचना होती. ज्यास त्या दोन ओळी वाचतां येतात त्यास ती सूचना नसती तरी चालतें. त्यांचा अर्थ मी शेवटीं सांगतों. तोंवर तो वाचकांस स्वतःच लावतां येईल, अशी माझी अपेक्षा आहे.

आमच्या दोडामार्गासारख्या ठिकाणीं ही चिठी वाचतां येण्याची गरज शहरापेक्षां अधिक आहे. शहरांत ज्या इमारतींत डोळे तपासतात तिच्याच तळमजल्यावर पुष्कळदां चष्म्याचें दुकान असतें. कांहीं अडलें तर दुकानदार जिना चढून डॉक्टरांस विचारतो. आम्ही पडलों दोन राज्यांच्या सीमेवर. डोळा तपासावयाचा बांबोळीस नाहीं तर सावंतवाडीस, चष्मा करावयाचा म्हापशास किंवा डिचोलीस, आणि तो आणावयास जाणारा मनुष्य भलताच. ज्याचा डोळा तो घरींच बसलेला. अलीकडे तर मुलें चिठीचें छायाचित्र मोबाईलवरून पाठवितात आणि चष्मा टपालानें दारीं येतो. डोळा एकीकडे, भिंग दुसरीकडे, आणि दोहोंमध्यें दुवा काय तो हा कागद. तो घरांतल्या निदान एका तरी माणसास वाचतां आला पाहिजे.

प्रथम डोळा कोणता तें पाहावें. कांहीं डॉक्टर उजव्यास आर. आणि डाव्यास एल. लिहितात, कांहीं ओ. डी. व ओ. एस. लिहितात. हीं लॅटिन आद्याक्षरें होत. ऑक्युलस डेक्स्टर म्हणजे उजवा डोळा, ऑक्युलस सिनिस्टर म्हणजे डावा, ओ. यू. असेल तर दोन्ही. ज्यांनीं थोडेंबहुत संस्कृत केलें आहे त्यांस हीं नांवें अगदींच परकीं वाटावयास नकोत. ऑक्युलस आणि आपलें अक्षि, डेक्स्टर आणि आपलें दक्षिण, हे शब्द एकाच कुळांतले. दक्षिण अक्षि, म्हणजेच ऑक्युलस डेक्स्टर! पुढें ॲक्सिस म्हणून एक शब्द येणार आहे, तोही आपल्या गाडीच्या आंसाचा, म्हणजे अक्षाचा, सख्खा भाऊ. येथें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, उजवा म्हणजे ज्याचा डोळा त्याचा उजवा, समोर बसून पाहणाऱ्याचा नव्हे.

त्यापुढचा रकाना स्फेरिकलचा, ज्यास आपण नुसता 'नंबर' म्हणतों. त्याचें माप डायॉप्टर. हें माप मोन्वाये नांवाच्या फ्रेंच नेत्रवैद्यानें १८७२ सालीं सुचविलें, आणि तें इतकें सोपें आहे कीं पांचवीच्या मुलास शिकवितां येईल. एक मीटरला नंबरानें भागावें. जें उत्तर येईल त्या अंतरावर तें भिंग किरण एकत्र आणतें. अधिक २ चें भिंग उन्हांत धरलें तर अर्ध्या मीटरवर सूर्याचा ठिपका पडतो. अधिक ४ चें धरलें तर पाव मीटरवर. (मुलांनीं हा प्रयोग वडील माणसांसमक्षच करावा. गवत पेटतें.) वजा नंबराचें भिंग किरण एकत्र आणीत नाहीं, फांकवितें, म्हणून त्याचा ठिपका पडत नाहीं, पण हिशेब तोच. ज्याचा नंबर वजा २ आहे त्यास चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतचें स्वच्छ दिसतें, त्यापलीकडचें धूसर. वजा ४ वाल्यास पाव मीटरपर्यंत. फळ्यावर काय लिहिलें आहे तें मागच्या बांकावरील असें मूल ऐकून अंदाजानें उतरवून घेतें. माझ्या वर्गांत अशी मुलें निश्चित होऊन गेलीं असतील, आणि त्यांतल्या कांहींस मीं 'लक्ष कोठें आहे?' म्हणून बांकावर उभेंही केलें असेल. त्यांतलीं कोणतीं हें आतां मला सांगतां येत नाहीं.

नंबर बहुधा पाव पाव डायॉप्टरच्या पायरीनें चढतो, म्हणून दशांशचिन्हानंतर ००, २५, ५०, ७५ याखेरीज दुसरें कांहीं सहसा नसतें. घाईंत लिहिणारे ठिपका गाळून 'वजा १५०' लिहितात. तें दीड, दीडशें नव्हे. नंबर शून्य असेल तर प्लॅनो किंवा पी. एल. लिहितात. सर्वांत सांभाळावयाची ती वजाची रेघ. चिठी घडी घालून खिशांत ठेवली, घडी नेमकी रेघेवर आली आणि रेघ पुसट झाली, कीं वजा २ चा अधिक २ होतो. म्हणजे डोळ्याच्या दोषाशीं जुळवावयाचें भिंग तोच दोष दुप्पट करतें.

आतां सिलिंडर व ॲक्सिस. हे दोन रकाने पाहिले कीं बायामाणसें काय, पुरुषही पुढें वाचीत नाहींत. गोष्ट फार अवघड नाहीं. वाटीची पाठ पाहा. कोणत्याही दिशेनें बोट फिरविलें तरी गोलाई सारखी. चमच्याची पाठ पाहा. लांबीच्या बाजूनें गोलाई कमी, रुंदीच्या बाजूनें जास्त. कित्येक डोळ्यांचा पुढचा पडदा वाटीसारखा नसून थोडा चमच्यासारखा असतो. अशा डोळ्यास उभी रेघ स्पष्ट आणि आडवी पुसट, किंवा उलट, असें दिसतें. नागरी लिपींतल्या शिरोरेघा आणि काने त्यास एकाच वेळीं नीट दिसत नाहींत. एअरी नांवाच्या इंग्रज ज्योतिर्विदास स्वतःच्या डाव्या डोळ्यांत हा दोष आढळला, आणि १८२५ च्या सुमारास त्यानें त्यावर एका दिशेनेंच वक्र असलेलें भिंग घासून घेतलें. तेंच सिलिंडर. तें किती, हें पहिला आंकडा सांगतो; तें कोणत्या कोनांत बसवावयाचें, हें ॲक्सिस सांगतो. ॲक्सिसचा आंकडा १ पासून १८० पर्यंत असतो. ९० म्हणजे उभा, १८० म्हणजे आडवा. अंशाची खूण डॉक्टर मुद्दाम लिहीत नाहींत, कारण ५ वरचें तें इवलें शून्य दुकानांत ५० वाचलें जाईल.

हा आंकडा क्षुल्लक समजूं नये. सिलिंडर दहा अंश वांकडें बसलें तर त्याचा सुमारें एकतृतीयांश उपयोग जातो. तीस अंश वांकडें बसलें तर दोष मूळचा जेवढा तेवढाच शिल्लक राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. म्हणजे पैसे भिंगाचे दिले आणि लाभ शून्य. नवा चष्मा लावल्यावर जमीन तिरपी दिसते, पायरी चुकते, हें पहिले कांहीं दिवस साहजिक आहे. दोन आठवड्यांनंतरही तसेंच असेल तर 'संवय होईल' या आश्वासनावर विसंबून न राहतां चिठी व चष्मा दोन्ही घेऊन परत जावें.

याच रकान्यांमुळें घरोघरीं एक गैरसमज होतो. एका डॉक्टरांनीं लिहिलें: वजा १, सिलिंडर वजा १, ॲक्सिस ९०. दुसऱ्यांनीं त्याच डोळ्यास लिहिलें: वजा २, सिलिंडर अधिक १, ॲक्सिस १८०. झालें! एक डॉक्टर अडाणी ठरतो, मग तो कोणता यावर जेवणाच्या पंक्तींत वाद. वस्तुतः दोन्ही चिठ्या एकाच भिंगाच्या आहेत. पहिले दोन आंकडे चिन्हांसह मिळवा, तो नवा नंबर. सिलिंडरचें चिन्ह उलटें करा. ॲक्सिसमध्यें ९० मिळवा, बेरीज १८० च्या वर गेली तर मिळविण्याऐवजीं वजा करा. एवढें करून दोन्ही जुळल्या तर डॉक्टरांस दोष देऊं नये.

६/६, ६/९, ६/३६ हे अपूर्णांक म्हणजे नंबर नव्हेत, हें सांगण्याची गरज आहे. कारण 'माझा नंबर सहा-नऊ' असें म्हणणारे सुशिक्षित मला भेटले आहेत. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता स्नेलेन या डच वैद्यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केला, त्याची ती मोजणी आहे. ६/३६ याचा अर्थ, निर्दोष डोळ्यास जें अक्षर ३६ मीटरवरून ओळखतां येतें, तें या डोळ्यास ६ मीटरवर आल्याशिवाय ओळखतां येत नाहीं. नंबर हें औषध. हा अपूर्णांक म्हणजे औषध देऊन अथवा न देतां दृष्टि किती, त्याचें मोजमाप. चष्मा लावूनही तो ६/६ होत नसेल तर कां होत नाहीं, हें डॉक्टरांस विचारणें आपलें काम आहे.

आतां चाळिशी. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास डोळ्यांतलें नैसर्गिक भिंग लवचिकपणा सोडूं लागतें, आणि म्हणूनच आपल्या भाषेनें वाचावयाच्या चष्म्यास वयाचेंच नांव दिलें. चिठीवर ती 'ॲड' या रकान्यांत असते. ॲड म्हणजे मिळवा. लांबच्या नंबरांत ही रक्कम चिन्हासह मिळवावयाची, तेव्हां जवळचा नंबर येतो. हें मिळवणें राहून गेल्याचा प्रसाद मीं स्वतः घेतला आहे. माझा लांबचा नंबर वजा १.५०, ॲड अधिक २.२५. पोथीसाठीं निराळा चष्मा मागितला. दुकानांत ॲडचा आंकडा तसाच उचलून अधिक २.२५ चीं भिंगें बसविलीं. माझा जवळचा नंबर खरा अधिक ०.७५ होता. खऱ्या नंबरानें पोथी ४४ सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारें एका हातावर, स्वच्छ दिसली असती. त्या चष्म्यानें ती २७ सेंटिमीटरवर, वितीपेक्षां थोड्या अधिक अंतरावर धरावी लागे. दोन महिने मी पाठ वांकवून बसलों आणि मान दुखते म्हणून तेल चोळून घेतलें. चूक दुकानदाराची खरी, पण चिठी माझ्या खिशांत होती आणि बेरीज दुसरीची होती.

आपल्या मोठ्या कुटुंबांत चाळिशी पुष्कळदां पळीपंचपात्रासारखी सामाईक असते. आजींची चाळिशी काकू तांदूळ निवडावयास घेतात, काकूंची आत्या पत्र वाचावयास घेतात, आणि कै. आजोबांची कोणी मोडीत काढवत नाहीं म्हणून कोणी तरी लावतोच. यास इतिहासाचा आधार आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं हिंदुस्थानांतील चष्म्याच्या इतिहासावर निबंध लिहिला आहे, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं विजयनगरच्या व्यासरायस्वामींनीं पोथी वाचतांना चष्मा लावल्याच्या उल्लेखाकडे त्यांत लक्ष वेधलें आहे. त्या काळीं, आणि पुढें तीनशें वर्षें, युरोपांत काय किंवा येथें काय, चिठी नव्हतीच. समोर आलेल्या चष्म्यांतून जो डोळ्यास मानवेल तो घ्यावयाचा. बाजारांत तयार मिळणारी चाळिशी अद्याप त्याच रीतीची आहे. दोन्ही डोळे सारखे असतील, सिलिंडर नसेल, तर ती घटकाभर चालते. नुकसान बहुधा डोकेदुखीपलीकडे जात नाहीं. पण ती लावून भागतें म्हणून डोळे तपासावयाचे राहतात, आणि कांचबिंदूसारखा दुखत नसलेला रोग मागल्या दारानें शिरतो, हा खरा तोटा.

मुलास मात्र दुसऱ्याचा चष्मा, किंवा दुसऱ्याच्या मापाची चौकट, कधींही देऊं नये. दोन बाहुल्यांमधलें अंतर चिठीवर पी. डी. म्हणून मिलिमीटरांत लिहितात. प्रौढांत तें बहुधा ५४ ते ७४ च्या दरम्यान, मुलांत त्याहून कमी. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर न येतां बाजूस गेला तर भिंग लोलकासारखें वागतें आणि दोन्ही डोळ्यांस ओढाताण होते; नंबर जितका मोठा तितकी अधिक. चिठीवर पी. डी. बहुधा नसतो, कारण तो दुकानांत मोजावयाचा असतो. म्हणूनच टपालानें चष्मा मागविणारांनीं तो आधीं डॉक्टरांकडून लिहवून घ्यावा. मुलीचें लग्न व्हावयाचें म्हणून तिचा चष्मा कपाटांत ठेवणाऱ्या घरांविषयीं मी येथें लिहीत नाहीं. त्यांनीं तिला फाटकापर्यंतचा रस्ता चष्म्याशिवाय पाहावयास सांगून मग स्वतःस विचारावें.

चष्मा हातीं आल्यावर दुकानांतच एक परीक्षा करून घ्यावी. चष्मा हातभर लांब धरून भिंगांतून दाराच्या उभ्या चौकटीकडे पाहावें व भिंग हळूहळू डावीकडे उजवीकडे हलवावें. आंत दिसणारी चौकट भिंगाबरोबरच, त्याच दिशेनें सरकली तर भिंग वजा. उलट दिशेनें सरकली तर अधिक. मग भिंग तसेंच धरून चक्रासारखें थोडें फिरवावें. चौकट वांकडी झाल्याचा भास झाला तर त्यांत सिलिंडर आहे. नंबर नेमका किती हें यावरून कळत नाहीं, तें दुकानांतल्या यंत्रावर मोजून दाखविण्यास सांगावें, आणि ते दाखवितात. पण वजाचा अधिक झाला असेल, उजवें भिंग डाव्या बाजूस गेलें असेल, सिलिंडर मुळींच गाळलें असेल, तर तें परत येणाऱ्या गाडींत बसण्यापूर्वीं कळतें. म्हापशापर्यंतची दुसरी खेप वांचते.

आतां पंचांगांतल्या त्या चिठीकडे वळूं. उजवा डोळा प्लॅनो, ६/६. डावा अधिक ४.५०, ६/३६. दोहोंमध्यें साडेचार डायॉप्टरचें अंतर. असा मुलगा उजव्या डोळ्यानें सर्व कांहीं पाहतो, माकडही पाहतो, वाचतो, चेंडूही झेलतो, म्हणून घरांत कोणास शंका येत नाहीं. पण डाव्या डोळ्याकडून मेंदूस सतत पुसट चित्र येत असतें, आणि मेंदू हळूहळू त्या डोळ्याचें म्हणणें ऐकेनासा होतो. यास आळशी डोळा म्हणतात. डॉक्टरांची संज्ञा अँब्लायोपिया. डोळ्याची रचना धड, पडदा धड, तरी दृष्टि नाहीं. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मेंदूची ही संवय मोडणें बरेंच सोपें असतें. पुढें सुधारणा होते, पण हळू व थोडी. पहिलींतल्या मुलाची चिठी तिसरींत सांपडली, ती नेमकीं हीं दोन वर्षें खाऊन.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यास घेऊन आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं डोळ्यांत थेंब घालून पुन्हां तपासलें, कारण मुलाचा डोळा स्वतःच जोर लावून अधिकचा नंबर लपवितो. थेंबांनीं तो जोर थांबतो. चष्मा दिला, आणि कांहीं आठवड्यांनंतर चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधण्यास सांगितलें. चांगला डोळा झांकून आंधळ्या कोशिंबिरीसारखें घरांत वावरावयाचें, हें आठ वर्षांच्या मुलास पटत नव्हतें. पट्टी काढून तो माडीवर लपे. शेवटीं त्याची आजी रोज संध्याकाळीं त्यास मांडीशीं घेऊन मणी ओंवावयास बसूं लागली. दीड वर्षांनीं डावा डोळा ६/१२ वर आला. तेथेंच थांबला. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ मिळविलेंत. आणखी दोन वर्षें आधीं आलों असतों तर किती मिळालें असतें, हें मीं विचारलें नाहीं; त्यांनींही सांगितलें नाहीं.

देशांत अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालापासून चालू आहे, आणि शाळांतून मुलांचे डोळे तपासणें व गरजूंस फुकट चष्मे देणें हा त्याचाच भाग. त्या लोकांनीं त्यांचें काम चोख केलें होतें. ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांनीं शाळेची वाट न पाहतां एक करावें: मुलाचा एक डोळा तळहातानें, न दाबतां, झांकून समोरच्या भिंतीवरचें कॅलेंडर वाचावयास सांगावें, आणि मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून कितीही विचारलें तरी हा दोष उघडकीस येत नाहीं.

आमच्या घरीं आतां एक वही आहे, पंचांगापासून दूर, ओटीवरच्या कपाटांत. प्रत्येकाचें एक पान. तारीख, दोन्ही डोळ्यांचे आंकडे, ॲड, पी. डी., आणि चष्म्यासह दृष्टि किती तो अपूर्णांक. नवी चिठी आली कीं तिची नक्कल त्याच दिवशीं वहींत उतरावयाची आणि मूळ चिठी पाठीमागें टांचावयाची. हें काम सातवींत गेलेल्या त्या मुलाकडेच दिलें आहे. गेल्या महिन्यांत माझी नवी चिठी त्यानें उतरविली, तेव्हां वजाच्या रेघा त्यानें दोनदां गिरविल्या.